दर वसंतात काँक्रीटचा नवा थर सुटतोय? आधी खपली उलटी करून पाहा

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. ड्राइव्हवे किंवा मागचं काँक्रीटचं अंगण जुनं झालं, वरची साय झिजली, वाळू आणि खडी उघडी पडली. थंडीच्या तोंडावर दुरुस्तीचं तयार मिश्रण आणून पाच-सहा मिलिमीटरचा थर दिला. दोन महिने फरशी नव्यासारखी दिसली. मग बर्फ पडला, वितळला, पुन्हा गोठला. वसंतात पाहावं तर नाण्याएवढे टवके उडालेले. पुढच्या वर्षी तव्याएवढे. मग दुसऱ्या कंपनीचं मिश्रण, आणखी जाड थर, आणि तिसऱ्या वसंतात खपलीबरोबर खालचं जुनं काँक्रीटही उचलून आलेलं.

इथे लोक मिश्रण बदलत राहतात. डोंगरातल्या थंडीत सुटलेले असे बरेच थर मी उकरून पाहिले आहेत. त्यांत मिश्रणाचाच दोष असलेले फार थोडे निघाले. दोष कुठे आहे ते सुटलेल्या तुकड्याच्या पाठीवर दिसतं, आणि नेमकी तीच बाजू न पाहता तुकडे झाडून टाकले जातात.

खपलीची पाठ

पातळ छिन्नी आडवी घालून तळहाताएवढा एक तुकडा अख्खा सोडवा. उलटा करा आणि उजेडात धरा.

पाठीला जुन्या काँक्रीटचा दोन-तीन मिलिमीटरचा करडा पापुद्रा चिकटलेला असेल, त्यात वाळूचे कण दिसत असतील, तर नवा थर नीट चिकटला होता. जुन्या फरशीची वरची कातडीच कमकुवत होती आणि ती नव्या थराला घेऊन सुटली. वारंवार येणाऱ्या तक्रारींत हीच अवस्था सर्वांत जास्त सापडते.

पाठ स्वच्छ, गुळगुळीत असेल किंवा बोटाला पिठासारखी धूळ लागत असेल, तर चिकटायला जागाच मिळाली नव्हती. धुणं अपुरं पडलं, तेल राहिलं, जुनं सीलर (पाणी रोखायला फरशीवर लावतात तो लेप) तसंच होतं, किंवा चिकटवण्यासाठी लावलेला लेप थर पडायच्या आधीच सुकून गेला. सुकलेला लेप चिकटवत नाही, दोन थरांमध्ये पडद्यासारखा बसतो.

तुकडा नव्या थराच्या मध्येच फुटला असेल, खाली नव्या मालाचा अर्धा थर अजून घट्ट असेल, तर मिश्रणात पाणी जास्त झालं, नाहीतर कोवळा थर पहिल्याच रात्री गोठला. असा तुकडा नखाने खरवडला तरी भुगा पडतो.

आणि पाठ ओली असेल, तिच्यावर पांढरे क्षार फुललेले असतील, थर मोठ्या पोपड्यासारखा उचलला असेल, तर पाणी खालून येत होतं आणि वर बाहेर पडायला वाट नव्हती. यात बहुधा चकचकीत सीलर किंवा इपॉक्सीचा (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेच्या लेपाचा) हात असतो.

टवके कुठे उडालेत तेही बघा. गाडी उभी राहते तिथे चाकांच्या मागेच दोन पट्टे खराब असतील, तर रस्त्यावरचं मीठ गाडीच्या पोटाखालून ठिबकतंय. पागोळ्या पडतात त्या रेषेत खराब असेल, तर छपराचं पाणी. बर्फ उपसून जिथे ढीग रचता त्याच्या उताराकडच्या बाजूला खराब असेल, तर ढीग रोज दुपारी वितळून फरशीवर पसरतो आणि रात्री तिथेच गोठतो. आणि जुन्या सांध्यांच्या दोन्ही बाजूंना, सांध्याला समांतर बारीक भेगांची जाळी दिसत असेल, तिच्यात काळसर ओल धरलेली असेल, तर थांबा. त्या फरशीत खडीच गोठून फुटतेय. वर कोणताही थर द्या, तो टिकणार नाही.

डोंगरातली थंडी वेगळी का

कडाक्याच्या थंडीने काँक्रीट खराब होतं असा समज आहे. महिनोन् महिने सलग गोठून पडलेल्या फरशीला त्यामानाने कमी त्रास होतो. त्रास होतो तो गोठणं आणि वितळणं यांच्या फेऱ्यांचा, आणि उंचावर या फेऱ्या फार होतात. हवा शून्याखाली असली तरी दुपारचं प्रखर ऊन फरशी तापवतं, बर्फाची कड वितळते, पाणी काँक्रीटमध्ये मुरतं. संध्याकाळी आकाश निरभ्र असलं की फरशी आपली उष्णता भराभर वर सोडते आणि तिचा पृष्ठभाग हवेपेक्षाही थंड होतो. हवामानाचा अंदाज दोन अंश सांगत असताना फरशीवर बर्फाची काच जमलेली दिसते ती यामुळे.

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. काँक्रीटमधली छिद्रं थोडी रिकामी असतील तर ही फुगवण सामावते. ती सुमारे ९१ टक्क्यांच्या वर भरली की जागा उरत नाही आणि दाब सिमेंटच्या भिंतींवर येतो. म्हणून थंड प्रदेशातल्या काँक्रीटमध्ये मुद्दाम हवेचे सूक्ष्म बुडबुडे तयार करणारं रसायन घालतात. २० मिलिमीटर खडीच्या काँक्रीटमध्ये सुमारे ६ टक्के हवा हवी, आणि ती मोठ्या पोकळ्यांच्या रूपात असून उपयोग नाही. बुडबुडे इतके दाट हवेत की गोठणाऱ्या पाण्याला ०.२ मिलिमीटरच्या आत कुठेतरी मोकळी जागा मिळावी.

आता खपलीच्या पाठीला चिकटलेल्या त्या करड्या पापुद्र्याकडे परत येऊ. फरशी ओतल्यावर काही वेळाने पाणी वर येतं. ते उडून जाण्याआधीच थापी फिरवली, किंवा पृष्ठभाग लवकर सुकतोय म्हणून वरून पाणी शिंपडून घोटलं, तर वरच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये पाणी-सिमेंटचं प्रमाण बिघडतं. लोखंडी थापीने फार घोटलं तर तिथले हवेचे बुडबुडेही निघून जातात. खालचं शंभर मिलिमीटर काँक्रीट उत्तम आणि वरची साय मात्र कच्ची, अशी फरशी तयार होते. ती घोटलेली साय दिसायला सर्वांत सुंदर असते. नवा थर आपण नेमका तिच्यावर चिकटवतो.

त्यात मीठ पडतं. मीठ बर्फ वितळवतं, म्हणजे ज्या दिवशी फरशी नुसती गोठून राहिली असती त्या दिवशीही पाणी तयार होतं. खारं काँक्रीट ओल धरूनही ठेवतं. पृष्ठभाग सोलण्याचं काम सर्वांत जास्त करतं ते ३ टक्क्यांच्या आसपासचं सौम्य खारं पाणी, त्यामुळे थोडंसंच टाकलंय या समजुतीला अर्थ नाही.

थर द्यावा की फरशी तोडावी

हातोडा घ्या आणि फूट-फूट अंतरावर ठोकत पूर्ण फरशी फिरा. खणखणीत आवाज आला तर खाली भरीव आहे. बद्द आवाज आला तिथे खडूने गोल करा. मोठ्या जागेवर जाड साखळी ओढत नेली तरी हाच फरक ऐकू येतो. शेवटी मागे उभं राहून खडूच्या खुणा पाहा. तुरळक बेटं असतील तर दुरुस्ती होईल. फरशीचा मोठा भाग खडूने भरला असेल तर थरावर पैसा घालू नका.

दुसरी गोष्ट, कोपऱ्यातून काँक्रीटचा एक ताजा तुकडा फोडून दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहा. टाचणी टोचल्यासारखे दाट, गोल, बारीक खड्डे दिसले तर हवा घातलेली आहे. मोठ्या वेड्यावाकड्या पोकळ्या तेवढ्या दिसल्या तर बहुधा नाही. ठाम उत्तर हवं असेल तर गाभ्याचा नमुना काढून प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा लागतो, आणि फरशी मोठी असेल तर तो खर्च मी आधी करेन. हवा नसलेल्या काँक्रीटवरचा थर म्हणजे वरून झाकण. खालचं काँक्रीट सांध्यातून, कडांतून, जमिनीतून पाणी पीत राहतं आणि झाकणाखाली फुटत राहतं.

फरशीचा एखादा भाग हिवाळ्यात वर उचलतो आणि उन्हाळ्यात खाली बसतो का, हेही पाहून ठेवा. तसं होत असेल तर दोष मातीत आहे. गाळाच्या मातीत पाणी खालून वर ओढलं जातं आणि बर्फाच्या चकत्या जमून फरशी उचलली जाते. तिथे पाण्याचा निचरा आणि खडीचा थर हेच काम आहे. मातीला हात न लावता वर केलेली दुरुस्ती पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी तडकते.

उतारही पाणसळ लावून मोजा. मीटरमागे दोन सेंटिमीटर उतार घरापासून दूर जाणारा हवा. पाणी साचणारा खोलगट भाग तसाच ठेवून वर एकसारखा थर दिला, तर नव्या थरावरही तिथेच डबकं होतं आणि तिथूनच टवके सुरू होतात.

पृष्ठभागाची तयारी

इथे घाई करू नका. पूर्ण कामातला अर्ध्याहून जास्त वेळ इथे गेला तरी तो वाया नाही.

ती कच्ची साय पूर्ण काढायची आहे. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने माती आणि सुटी वाळू जाते, साय तशीच राहते. ॲसिडने धुण्याचा सल्ला सर्रास मिळतो. मी तो देणार नाही. ॲसिड वरवर चरे पाडतं, पुरेसा खडबडीतपणा देत नाही, आणि नीट धुतलं गेलं नाही तर मागे राहिलेले क्षार नव्या थराला चिकटू देत नाहीत. डायमंड कपचं ग्राइंडर किंवा पोलादी छर्ऱ्यांचा मारा करणारं शॉटब्लास्टिंगचं यंत्र भाड्याने घ्या. वाळूचे कण स्पष्ट उघडे पडेपर्यंत, जाड सँडपेपरसारखा स्पर्श लागेपर्यंत जायचं. खडबडीतपणाचे नमुने १ ते १० अशा क्रमाने मिळतात, पातळ थरासाठी ३ ते ५ मधला पोत धरतात.

टाकी लावणारं, ठोकून काम करणारं जड यंत्र वापरलं असेल तर त्या ठोक्यांनी खालच्या काँक्रीटमध्ये केसासारख्या भेगा पडतात. तो भेगाळलेला थर शॉटब्लास्टिंगने किंवा जोरदार दाबाच्या पाण्याने काढून टाका, नाहीतर कच्ची साय घालवून तुम्ही नवी कच्ची साय तयार केलेली असते. आणि ग्राइंडरची धूळ फुप्फुसाला कायमची इजा करते. सिलिकाची ती धूळ असते. धूळ ओढून घेणारं यंत्र जोडा किंवा ओलं घासा, आणि योग्य मास्क लावल्याशिवाय सुरुवात करू नका. ओलं घासलं असेल तर उरलेला चिखल सुकण्याआधी धुऊन काढा.

बद्द वाजणारी बेटं चौकोनी कापून काढा. कडा उभ्या आणि किमान सहा-सात मिलिमीटर खोल हव्यात. जिथे थर संपतो, म्हणजे गॅरेजच्या दाराशी, पायवाटेला, तिथेही अशीच खाच घ्या. शून्यापर्यंत निमुळती होत गेलेली कड फावड्याच्या पहिल्या धक्क्याला उचलली जाते आणि तिथून पाणी आत शिरतं. खोल खड्डे दुरुस्तीच्या मॉर्टरने आधी वेगळे भरा. पातळ थरासाठी बनवलेलं मिश्रण खड्ड्यात जाड ओतलं तर आकसून तडकतं.

तेलाचा संशय असेल तिथे पाण्याचे थेंब टाका. थेंब मोत्यासारखे राहिले तर अजून तेल किंवा सीलर आहे, पसरून मुरले तर ठीक. खालून ओल येते का ते पाहायला ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा जाड तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून १६ तास ठेवा. खाली दव जमलं किंवा काँक्रीट काळं पडलं तर बाष्प वर येतंय. सिमेंटच्या थराला ते चालू शकतं कारण बाष्प त्यातून पार होतं. इपॉक्सीला मुळीच चालत नाही. शिवाय तापमानाबरोबर इपॉक्सी काँक्रीटच्या कितीतरी पट जास्त आकसते-प्रसरण पावते, त्यामुळे रोज पंचवीस-तीस अंशांची चढउतार असलेल्या ठिकाणी ती खालच्या काँक्रीटची साल ओढून काढते. उघड्यावरच्या डोंगरी फरशीसाठी मी ॲक्रिलिक किंवा एसबीआर (कृत्रिम रबर) पॉलिमर असलेलं सिमेंटचंच मिश्रण घेतो, आणि तेही गोठण-वितळणीसाठी असल्याचं पिशवीवर लिहिलेलं असेल तरच. पांढऱ्या पीव्हीए डिंकाचा लेप बाहेर वापरू नका. ओल लागली की तो पुन्हा मऊ होतो.

दिवस निवडणं

थंडीच्या तोंडावर काम करणं हीच अनेकांची मूळ चूक असते. वर्षभर फरशी खुपत असते, पण बर्फ येणार म्हटल्यावर हात हलतात. माझा आग्रह असा की पहिल्या अपेक्षित गोठणीच्या किमान महिनाभर आधी थर पडून झालेला असावा. त्याला घट्ट व्हायला वेळ लागतो, आणि मग आतलं पाणी सुकून छिद्रं रिकामी व्हायलाही लागतो. नीट घट्ट झालेला पण भिजलेला थरही फुटतो.

तापमान हवेचं नको, फरशीचं मोजा. १० अंशांच्या वर आणि चढत जाणारं हवं. सावलीतला कोपरा वेगळा मोजा, तो कायम मागे असतो. पुढच्या रात्री आकाश निरभ्र राहणार असेल तर अंदाजातल्या आकड्यातून चार-पाच अंश मी मनानेच वजा करतो. तरी शंका वाटली तर थरावर प्लास्टिक आणि त्यावर इन्सुलेशनची चादर घालायची तयारी आधीच ठेवावी.

उलट बाजूही आहे. उंचावर हवा कोरडी, वारा सुटलेला आणि ऊन तीव्र. अशा दुपारी पातळ थराचं पाणी काही मिनिटांत उडतं आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. सकाळी फरशी तापू लागल्यावर सावलीच्या बाजूने सुरू करावं, वाऱ्याला आडोसा करावा.

थर देताना

आदल्या दिवशी फरशीला पोटभर पाणी पाजा. थर देताना ती आतून ओली आणि वरून कोरडी हवी. काळपट रंग, पण चमक नाही. कोरडी फरशी नव्या थरातलं पाणी शोषून घेते आणि चिकटणीच्या रेषेलाच सिमेंट उपाशी राहतं. पाणी साचलेलं असेल तर त्याच रेषेला मिश्रण पातळ होतं.

मिश्रणाचं पाणी मापाने घाला. पिशवीवर लिहिलेल्या कमाल मापाच्या वर एक पेलाही नको. हात जड पडला की पाणी वाढवण्याचा मोह होतो, आणि पुढे मध्येच फुटणारी खपली तिथूनच जन्माला येते. एका वेळी पसरता येईल तेवढंच कालवा.

पहिला हात पातळ, आणि कडक ब्रशने फरशीत घासून घासून भरलेला. तो ओला असतानाच वर मुख्य थर ओता आणि स्क्वीजीने (लांब दांड्याच्या रबरी पट्टीने) ओढा. लोखंडी थापीने घोटू नका, वरून पाणी शिंपडू नका. जुनी चूक पुन्हा करायची नाही. शेवटी कडक झाडू उताराच्या आडव्या दिशेने एकदाच फिरवा, म्हणजे गोठलेल्या सकाळी पाय घसरणार नाहीत.

खालचा प्रत्येक सांधा वरच्या थरात त्याच जागी, त्याच रुंदीने यायलाच हवा. सांधे बुजवून अखंड सुंदर थर दिलेल्या फरशा पहिल्याच हिवाळ्यात नेमक्या सांध्यांवर तडकतात, कारण खालचे तुकडे हलायचे थांबत नाहीत. काम करताना सांध्यात फोमची दोरी दाबून ठेवा, नंतर लवचिक सीलंट भरा. जिवंत, म्हणजे अजून हलणाऱ्या भेगांनाही हाच न्याय.

पाणी मारण्याबद्दल पिशवीवरची सूचना पाळा. पॉलिमर असलेल्या अनेक मिश्रणांना पहिले एक-दोन दिवस ओलं गोणपाट आणि मग मोकळी हवा लागते, म्हणजे पॉलिमरची जाळी तयार होते. साध्या सिमेंटसारखं आठवडाभर भिजवत ठेवणं इथे उपयोगाचं नाही.

पहिला हिवाळा

साधारण चार आठवड्यांनी, फरशी कोरडी असताना, सिलेन प्रकारचं आत मुरणारं सीलर द्या. ते छिद्रांच्या भिंती पाणी झटकणाऱ्या करतं आणि आतलं बाष्प बाहेर जाऊ देतं. चकाकणारी पारदर्शक फिल्म देणारं सीलर इथे नको. पावसात फरशी पुन्हा गडद होऊ लागली की सीलरची वेळ झाली असं समजा.

पहिल्या हिवाळ्यात मीठ अजिबात नाही. वाळू टाका, बर्फ लवकर उपसा, फावड्याला प्लास्टिकची किंवा रबराची कड असू द्या. अमोनियम नायट्रेट किंवा अमोनियम सल्फेट असलेली खतं बर्फ वितळवायला कधीच वापरू नका, ती काँक्रीटवर थेट रासायनिक हल्ला करतात. पिशवीवर "काँक्रीटला सुरक्षित" असं लिहिलं असलं तरी बर्फ वितळवणारा कोणताही पदार्थ गोठणीच्या फेऱ्या वाढवतोच, आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण सिमेंटशी प्रतिक्रियाही करतं. रस्त्यावरून मीठ घेऊन येणाऱ्या गाडीखाली जमलेला चिखलबर्फ शक्य तितक्या वेळा बाहेर ओढा. छपराचं पन्हळ फरशीवर सोडलेलं असेल तर ते हिवाळ्याआधी वळवा. बर्फाचा ढीग उताराच्या खालच्या बाजूला, मातीवर रचा.

वसंतात बर्फ गेल्यावर पुन्हा हातोडा घेऊन फिरा, मागच्या वर्षीचा खडूचा नकाशा सोबत घेऊन. एखाद्या जागी बद्द आवाज आला, तर तेवढाच चौकोन कापा, तुकडा उलटा करून पाठ बघा, आणि उन्हाळ्यातच भरून टाका.